टायर झिजण्याआधी उन्हाने वाळतील

काका, सप्रेम नमस्कार.

मी पारोळ्याचा, वय २९, जळगावला एमआयडीसीत नोकरी. गेल्या दिवाळीत पुण्याहून दोन दारांची, दोनच सीटची जुनी जर्मन गाडी घेतली. लहानपणापासूनची हौस होती. कामावर मोटरसायकलनेच जातो. गाडी रविवारी निघते. धुळे, नाशिक, कधी चाळीसगाववरून कन्नड घाट. वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर होतील. पुढे २२५/४५ आर १७ आणि मागे २४५/४० आर १७ टायर आहेत. मागचे दोन्ही आतल्या कडेने तार दिसेपर्यंत घासलेत, पुढच्यांवर नक्षी भरपूर आहे (फोटो पाठवतोय). मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ च्या चार टायरचे ६२ हजार सांगितले. माझ्याकडे ४० आहेत. एक मित्र म्हणतो, तेच टायर वापरलेले मुंबईहून १६ हजारांत आणून देतो. दुसरा म्हणतो, नाव कधी ऐकलं नाही अशा कंपनीचे नवे २४ हजारांत मिळतात. तिसरा म्हणतो १८ इंची रिम टाक, गाडी उठून दिसेल. वडील म्हणतात गाडीच विकून टाक. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) मुहूर्तावर टायर टाकून बायकोला सप्तशृंगीला न्यायचं कबूल केलंय. काय करू?

तुमचा वाचक, पारोळा

भाऊ,

आधी घाईचं बोलतो. मागच्या टायरला तार दिसते आहे, म्हणजे ही गाडी आजपासून उभी. आखाजीची वाट बघायची नाही, आणि ‘सावकाश नेतो’ म्हणत जळगावलाही न्यायची नाही. पोलादी पट्टा उघडा पडलेला टायर उन्हात, महामार्गावर, मागच्या चाकाला फुटला की मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीचं शेपूट सांभाळणं कसलेल्या ड्रायव्हरलाही जमत नाही. दुकानापर्यंत न्यायची झाली तर चाकं काढून टेम्पोत घालून ने. तुझ्या शेजारच्या सीटवर बायको बसणार आहे, म्हणून एवढं ठासून लिहितो.

आता मूळ प्रश्न. निर्णय ज्यावर ठरायला हवा तो आकडा तू पत्रात जाता जाता लिहिलास: वर्षाला सहा-सात हजार किलोमीटर. रोज चालणाऱ्या गाडीचे टायर झिजून संपतात. तुझे तसे संपणार नाहीत. पाच वर्षांत तुझी गाडी जेमतेम बत्तीस-तेहतीस हजार किलोमीटर चालेल, आणि चांगला स्पोर्ट टायर, चाकं सरळ असतील तर, तेवढं अंतर काढतो. पण त्या पाच वर्षांत तो पाच खान्देशी उन्हाळे खाईल. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, दुपारचं डांबर साठ अंशांच्या पुढे तापतं, आणि आठवडाभर उभी असलेली गाडी एकाच बाजूने ऊन घेत राहते. रबरातली तेलं उडतात, हवेतला ओझोन त्याला बारीक चिरा पाडतो, रबर कडक होतं. नक्षी तशीच दिसते, पकड मात्र निघून गेलेली असते. म्हणून तुझा टायर झिजणारा नाही, वाळणारा आहे. हे एकदा मनात पक्कं केलंस की चारही सल्ल्यांचं काय करायचं ते आपोआप सुटत जातं.

पुढच्या टायरपासूनच बघ. फोटोत टायरच्या बाजूवर ‘डीओटी’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी १११७ असा आकडा दिसतो. पहिले दोन अंक आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे हा टायर २०१७ सालच्या अकराव्या आठवड्यात कारखान्यातून निघाला. नक्षी भरपूर आहे, खरं आहे, पण नक्षी पाणी बाजूला सारण्यासाठी असते. कोरड्या रस्त्यावर गाडी धरून ठेवतं ते रबर, आणि ते रबर आता म्हातारं झालंय. नक्षीच्या ठोकळ्यावर अंगठ्याचं नख दाबून बघ, नंतर एखाद्या नव्या टायरवर दाबून बघ. फरक हाताला कळेल. टायर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही असली तरी काढावा. ते साऱ्या जगासाठी आहे. आपल्याकडच्या उन्हात, आणि तेही जोरात पळणाऱ्या गाडीला, मी सहा वर्षांच्या पुढे जात नाही. म्हणून चारही टायर जाणार. तू मनात दोनाचा हिशेब धरला असशील तर तो सोड.

पकड थोडी कमी झाली तर काय एवढं, असं कुणी म्हणेल. साधं गणित आहे. पकड पाचव्या हिश्शाने कमी झाली की थांबायचं अंतर पाव हिश्शाने वाढतं. ताशी १०० किलोमीटरवरून चांगल्या टायरवर तुझी गाडी साधारण ४० मीटरांत थांबत असेल, तर कडक टायरवर ५० लागतात. एरंडोलजवळ शेतातून एकदम रस्त्यावर येणारा ट्रॅक्टर या मधल्या दहा मीटरांत उभा असतो. गाडीचं इंजिन, ब्रेक, सगळी इलेक्ट्रॉनिक हुशारी शेवटी तळहाताएवढ्या चार ठिकाणांवरूनच रस्त्याला धरते.

यावरून १६ हजारांच्या वापरलेल्या टायरचं उत्तर निघतं: नाही. नाव तेच असलं तरी तो टायर आता तो राहिलेला नाही. कुठे तापला, किती महिने कमी हवेवर पळाला, खड्ड्यात आपटून आतले धागे तुटलेत का, पंक्चर आतून कसं काढलं, यातलं काहीही बाहेरून दिसत नाही. वर काळं पॉलिश मारलं की पाच वर्षांचा टायरही नवा दिसतो. तुझ्या मित्राचा हेतू चांगला असेल, पण उन्हाने वाळणाऱ्या टायरचा प्रश्न आधीच वाळलेला टायर आणून सुटत नाही. रिमोल्ड केलेल्या, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवलेल्या टायरचं तर नावही काढू नको. ते काम ट्रकच्या मागच्या चाकांसाठी ठीक, या गाडीसाठी नाही.

२४ हजारांच्या अनोळखी नव्या टायरबद्दल मी इतका पक्का नकार देणार नाही, पण चार गोष्टी दुकानदाराला टायर हातात घेऊन दाखवायला सांग. आयएसआयचा शिक्का आणि त्याजवळ आयएस १५६३३ हा आकडा आहे का? कार टायरला तो आपल्याकडे सक्तीचा आहे. तारीख काय? भार आणि वेगाचा आकडा-अक्षर काय? आणि बिल मिळणार का, हमी कोण देणार? जून २०२० पासून केंद्राने बाहेरच्या टायरची मोकळी आयात थांबवली, परवाना लागायला लागला. तेव्हापासून तुझ्यासारख्या कमी खपाच्या मापात दोन प्रकार दिसतात. एक, परवान्यावर नीट आलेला माल. दुसरा, कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडलेला. दुसरा स्वस्त असतो, कारण त्याचं अर्धं आयुष्य पत्र्याच्या शेडखाली गेलेलं असतं. शिक्का नसेल किंवा तारीख दीड-दोन वर्षांपेक्षा जुनी असेल, तर हात जोडून बाहेर पड.

टायरच्या मापापुढे आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ९१ डब्ल्यू. ९१ म्हणजे एका टायरने ६१५ किलो भार पेलायचा. ९४ म्हणजे ६७०. अक्षर वेगाचं: एच म्हणजे ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०, वाय ३००. तू म्हणशील, चौपदरी रस्त्यावर मर्यादा १०० ची, समृद्धीवर १२० ची, मग २७० काय करायचे? ते अक्षर नुसतं वेगाचं नसतं. जास्त वेग म्हणजे जास्त उष्णता, आणि ती सोसण्यासाठी टायरची आतली बांधणी वेगळी करावी लागते. जळगावच्या मे महिन्यात तुला तीच बांधणी हवी आहे. गाडीच्या पुस्तकात किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या पट्टीवर जे लिहिलंय, त्याच्या खाली एक पायरीही उतरू नको. दुकानदार ‘साहेब, एवढं कोण पळवतं’ म्हणाला तरी.

आता ६२ हजारांचा टायर. तो उत्तम आहे, पैसे असते तर घे म्हणालो असतो. पण कर्ज काढून घ्यावा इतका तो तुझ्या गरजेचा नाही, कारण खालच्या पायरीवर नवे, ताजे आणि पुरेसे चांगले टायर आहेत. कॉन्टिनेंटलचा मॅक्सकॉन्टॅक्ट एमसी ६, योकोहामाच्या अ‍ॅडव्हान मालिकेतले, ब्रिजस्टोनचा पोटेंझा, अपोलोच्या मालकीच्या व्रेडेस्टाइनचा अल्ट्रॅक, ही नावं विचारायला सुरुवात कर. विचारताना एकच अट ठेव: पुढचं आणि मागचं, दोन्ही मापं एकाच मॉडेलमध्ये हवीत. २२५/४५ आर १७ कुठेही मिळेल, अडेल ते २४५/४० आर १७ वर. म्हणून आधी मागच्याची चौकशी, मग पुढच्याची. जळगाव-धुळ्यात नाही म्हणाले तर नाशिक, संभाजीनगर आणि आग्रा रोडने इंदूर, तिन्हीकडे फोन कर. पुढे एक मॉडेल आणि मागे दुसरं घालून पैसे वाचवू नको. ओल्या वळणावर एक टोक धरतं, दुसरं सुटतं, आणि मागच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीत ते भीतीदायक असतं.

बहुतेक अशा टायरवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे आकडा असतो. ही अमेरिकेतली पद्धत. आधाराच्या टायरला १०० धरून हा किती पट टिकला ते सांगतात. आकडा कंपनी स्वतःच देते, म्हणून एका कंपनीच्या दोन टायरमध्ये तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांमध्ये नाही. शांत, लांब टिकणाऱ्या टायरचा तो ४०० च्या पुढे असतो. रोज साठ किलोमीटर जाणाऱ्याला मी तोच घे म्हणेन. तुला नाही. टिकाऊपणाचे पैसे मोजून तू तो वापरणारच नाहीस, टायर आधी वयाने जाईल. २८० ते ३४० च्या आसपासचा मऊ टायर तुझ्या वापराला बरोबर बसतो आणि पकड जास्त देतो. मात्र २०० आणि त्याखालचे रेसच्या मैदानासाठीचे, कमी खाचांचे टायर कुणी दाखवले तर घेऊ नको, पावसात ते घातक आहेत. त्याच ओळीत ‘टेंपरेचर’ लिहिलेलं असतं, ए, बी किंवा सी. आपल्या भागात फक्त ए.

१८ इंची रिमवर फार शाई घालवत नाही. आत्ता तुझ्या पुढच्या टायरची बाजूची भिंत २२५ मिलिमीटर रुंदीच्या ४५ टक्के, म्हणजे सुमारे १०१ मिलिमीटर उंच आहे, मागची (२४५ च्या ४० टक्के) ९८. मोठी रिम घातलीस की ही भिंत आणखी खुजी होते, खड्ड्यात रिम वाकते, टायरच्या बाजूला फुगा येतो, आणि प्रत्येक टायर महाग पडतो. चारही चाकांना एकच माप घालून खर्च कमी करण्याचा विचारही येईल. गाडीच्या पट्टीवर तसं पर्यायी माप लिहिलेलं असेल तरच कर. नसेल तर नको. मागे रुंद टायर दिले आहेत ते गाडीचा मागचा भाग जमिनीला धरून राहावा म्हणून.

पैशांचं बोलू. टायरआधी चार हजार बाजूला काढ, कारण टायर आतूनच घासले त्याला कारण आहे. अशा गाड्यांची मागची चाकं कंपनीनेच किंचित आत झुकवलेली असतात, पण तारेपर्यंत घासायला एवढंच पुरत नाही. चाकांची दिशा बिघडली असेल किंवा मागचे रबरी बुश गेले असतील. ते न बघता नवे टायर घातलेस तर तेही दोन पावसाळ्यांत आतून गोटा होतील, आणि या वेळी नुकसान तुझं. चारही चाकांचं कॉम्प्युटर अलाइनमेंट कर, आधीचा आणि नंतरचा कागद मागून घे. फक्त पुढच्या चाकांचं करून देणाऱ्याकडे जाऊ नको.

उरले ३६. त्यात चार टायर बसले तर उत्तम. नाही बसले तरी घाबरू नको. मागचे दोन आत्ता घे, पुढचे दोन, त्याच मॉडेलचे, दोन-तीन पगारांनी घे, आणि तोवर गाडी गावाबाहेर नेऊ नको. नवे टायर मागे असणं ही सुरक्षित बाजू आहे. पकड सुटलीच तर आधी पुढची सुटते, गाडी वळायला आळस करते, गरकन फिरत नाही. उलटं कधीच करायचं नाही. भाव विचारताना हेही लक्षात ठेव: २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ झाला. ६२ हजारांचा आकडा कुठल्या जुन्या कोटेशनवरून आला असेल, तर तोच माल आता सत्तावन्नच्या आसपास बसायला हवा. पक्कं बिल घे आणि बिलावर चारही टायरच्या तारखेचे आकडे लिहून घे. त्याशिवाय हमीच्या वेळी बोलता येत नाही.

हवेबद्दल सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे चांगले टायर सर्वात जास्त याच समजुतीने फुटतात. ‘उन्हाळा आहे, हवा कमी ठेव, नाहीतर टायर फुटेल.’ पंपावर, गॅरेजमध्ये, घरात, सगळीकडे हेच ऐकू येतं, आणि ते अगदी उलटं आहे. टायर जास्त हवेने क्वचित फुटतो. कमी हवेने बाजूची भिंत प्रत्येक फेरीला जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता होते, उष्णतेने रबर आणि धाग्यांची पकड सुटते, आणि मग तो फाटतो. हिशेब बघ. सकाळी सहाला, २८ अंशांत, तू ३३ पीएसआय हवा भरलीस. दुपारी धुळ्यापर्यंत गेलास, आतली हवा ६५-६७ अंशांपर्यंत तापली, मीटर ३९ दाखवेल. हे ठरलेलं आहे, टायर ते धरून बनवलेला असतो. पण पंपावरचा पोरगा म्हणतो ‘जास्त झाली’ आणि ३३ वर आणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टायरमध्ये २७ च भरते. त्या २७ वर तू पुन्हा उन्हात निघतोस. फुटण्याची सुरुवात तिथून होते.

म्हणून हवा पहाटे मोजायची, गाडी रात्रभर उभी असताना, आणि पेट्रोलच्या झाकणाच्या पट्टीवरचा आकडा भरायचा. त्यावर एक-दोन जास्त चालेल, एकही कमी नाही. पुढे-मागे आकडा वेगळा असू शकतो, दोघं आणि सामान असताना वेगळा, तो वाच. स्वतःचा मीटर घे, काहीशे रुपयांत येतो. पंपावरचे मीटर खाली पडून पडून कसेही दाखवतात. दर पंधरा दिवसांनी, आणि लांब निघायच्या आदल्या पहाटे. नायट्रोजन फुकट देत असतील तर घ्यावा, विकत घ्यायचं कारण नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि तापल्यावर दोन्हींचं वागणं जवळपास सारखंच.

गाडी उभी कुठे करतोस तेही कळव. अंगणात असेल तर निंबाच्या सावलीत, नाहीतर चाकं झाकली जातील असं कापड टाक. महिना-महिना उभी ठेवायची झाली तर अधूनमधून हातभर पुढे-मागे करत जा, एकाच जागी टायर चपटा बसतो. चकाकीसाठी तेलकट पॉलिश लावू नको, साबणाचं पाणी पुरे. वाळणाऱ्या टायरला सावली मिळाली तर एखादा उन्हाळा जास्त काढेल.

पावसाचंही सांगतो. खान्देशात पाऊस कोकणासारखा नाही, पण जो पडतो तो काळ्या मातीवर. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांची माती महामार्गावर पसरते, पहिल्या सरीत तिचा थर होतो, आणि त्यावर कुठलाही टायर घसरतो. तिथे पैसा उपयोगाचा नाही, फक्त वेग कमी करणं. साचलेल्या पाण्याचं मात्र टायरवर अवलंबून आहे. खाचा उरलेल्या नसतील तर ३२ हवेचा टायर ताशी ९०-९५ किलोमीटरला पाण्यावर तरंगू शकतो, मग स्टिअरिंग फिरवून काही होत नाही. खाचेत जागोजागी बारीक उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला नक्षी आली की १.६ मिलिमीटर उरली आणि टायर संपला. पण रुंद टायरवर मी ३ मिलिमीटरलाच पावसाळी फेऱ्या बंद करायला सांगेन. आणि धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा सहा-सातपर्यंत उतरतो, त्या थंडीत हे मऊ उन्हाळी टायरही पहिल्या काही किलोमीटरांत कडक असतात. तेव्हा लगेच दाबायचं नाही.

आता वडील. ते गाडीच्या विरोधात आहेत असं मला वाटत नाही. घासून तार निघालेला टायर त्यांनी पाहिलाय आणि त्यावर मुलगा-सून बसणार हे त्यांना दिसतंय. त्यांची काळजी रास्त आहे. त्यांच्याशी वाद घालू नको, हिशेब दाखव. पाच वर्षांनी टायरचा संच म्हणजे आजच्या भावात साधारण ४५ हजार, वर्षाला ९ हजार, महिन्याला साडेसातशे. एवढे वेगळ्या खात्यात टाकता येत असतील तर ही गाडी तुला परवडते. येत नसतील तर वडील बरोबर सांगत आहेत, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. जुन्या स्पोर्ट्स गाडीची किंमत विकत घेताना संपत नाही, ती अशी दर पाच वर्षांनी समोर येते. दुकानात जाताना त्यांना सोबत ने, तारखेचा आकडा त्यांनाच वाचायला लाव.

मुहूर्ताबद्दल: टायर आखाजीच्या निदान दोन-तीन आठवडे आधी घाल. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड पुरी नसते. ते अंतर पारोळा-धुळे अशा सरळ रस्त्यावर, शांतपणे काढ, घाटात नाही. गडावर जाताना नांदुरीचा घाट चढायचा आहे, आणि चैत्रात तर आपल्याकडची माणसं रात्रभर पायी वणीच्या वाटेवर असतात, कडेवर पोरं, हातात निशाणं. त्या दिवसांत गेलास तर रात्री गाडी काढूच नको, दिवसाही तिथे वेगाचा विषय नाही.

चाकं बसवताना तू स्वतः उभा राहा. अशा टायरवर बहुधा ‘आउटसाइड’ लिहिलेलं असतं, ती बाजू बाहेर यायलाच हवी. काहींवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. घाईत पोरं उलटे बसवतात आणि ते वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. वाल्व नवे टाकून घे, चारही चाकांचं बॅलन्सिंग कर. बोल्ट न्यूमॅटिक गनने कचाकच आवळू देऊ नको, शेवटचा आवळा टॉर्क पान्याने, पुस्तकातल्या आकड्यावर. शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा तपास. डिकीत स्टेपनी आहे का तेही बघ, अशा बऱ्याच गाड्यांत ती नसतेच. नसेल तर छोटा कॉम्प्रेसर आणि ट्यूबलेस पंक्चरचा किट ठेव, आपल्याकडे बाभळीचा काटा कधी भेटेल सांगता येत नाही. रस्त्यावर दोरी भरून काढलेलं पंक्चर घरी पोहोचण्यापुरतं धर, नंतर टायर उतरवून आतून पॅच लावून घे. आणि काटा नक्षीत न घुसता खांद्यावर किंवा बाजूच्या भिंतीत घुसला असेल, तर तो टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाला ‘होतंय की’ म्हणाला तरी बदलायचा.